आधी दात, मग हाड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेली बरीच मंडळी आज समोर आहेत. उत्तर बरोबर आलं तरी गुरुजी आधी रीत तपासायचे, असं त्यांच्यापैकी एकांनी मघाशी मला सांगितलं. माझा आजचा विषय रीतीचाच आहे. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, त्यावर दात उभा करायचा, आणि तो स्क्रू नेमका कुठे, किती खोल, कोणत्या कोनात जाणार हे हिरडीला हात लावण्याआधी संगणकावर ठरवून घ्यायचं, अशी ही रीत. दवाखान्यात आपण याला इम्प्लांट म्हणतो, घरी ‘पक्का दात’.

मला एकच गोष्ट तुमच्यासमोर मांडायची आहे. या तंत्राचं खरं मोल विचार आधी करून ठेवण्यात आहे. निर्णय कापण्याआधी होतो, पडद्यावर दिसतो, दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतो, चुकला तर पुसून पुन्हा घेता येतो. आणि जो निर्णय फाइलमध्ये मावतो, तो नागपुरात बसून घेता येतो आणि अकोटात अमलात आणता येतो. आपल्या वऱ्हाडासाठी हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

स्क्रूची गोष्ट बरीच जुनी आहे. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण अभ्यासत होते. त्यासाठी टायटॅनियमची एक बारीक नळी हाडात बसवली होती. अभ्यास संपल्यावर नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाडानं धातूला परकं मानलंच नव्हतं, त्याला घट्ट धरून ते वाढलं होतं. १९६५ साली गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले. २००६ मध्ये लार्सन वारले, तोवर चाळीस वर्षं त्यांनी त्या स्क्रूंच्या आधारानं जेवण केलं. बाकीच्या जगाला मात्र हे पटायला १९८२ ची टोरोंटोची परिषद उजाडावी लागली. स्क्रू हाडात टिकतो हे तेव्हा सिद्ध झालं. तो कुठे बसवायचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

तो प्रश्न एका उदाहरणानं सांगतो. समजा, पोपटखेडकडच्या एक मावशी आहेत, वय पंचावन्न. खालच्या उजव्या बाजूची मोठी दाढ किडली म्हणून चार वर्षांपूर्वी काढून टाकलेली. तेव्हापासून मावशी डाव्या बाजूनं जेवतात. रोडगे असोत, हुरडा असो, भाजलेले दाणे असोत, सगळा भार एकीकडे. इकडे रिकाम्या जागेकडे मागची दाढ झुकत चालली आहे आणि समोर कुणी नाही म्हणून वरची दाढ खाली उतरते आहे. हिरडीखाली हाडही आटलं आहे. दात काढल्यावर त्या जागच्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात जवळजवळ निम्म्यानं घटते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. वाचवता येणारी दाढ काढून टाकू नये, असं आम्ही कळकळीनं सांगतो, ते यासाठी.

मावशींना पूर्वी ब्रिज सुचवला असता, म्हणजे शेजारचे दोन चांगले दात घासून त्यांच्या आधारानं मधला दात. आजही काही जणांना तोच योग्य असतो. पण इम्प्लांट करायचं ठरलं, तर पूर्वी डॉक्टरच्या हाती ओपीजी असायचा, जबड्याचा पसरून काढलेला एक्स-रे. त्यात हाडाची उंची दिसते, पण ती सुमारे पाव पट फुगलेली, आणि फुगवटाही सगळीकडे सारखा नसतो. जाडी तर दिसतच नाही. खालच्या जबड्याला जिभेच्या बाजूनं आत वळलेली एक खोबण असते. ड्रिल जरा तिरपं गेलं तर तिथून बाहेर पडतं आणि तोंडाच्या तळाशी धोकादायक रक्तस्राव होऊ शकतो. त्याच हाडातून एक नस जाते, जी खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिला इजा झाली तर ओठ बधिर होतो, कधी कायमचा. चहा ओघळला तरी त्या माणसाला कळत नाही. पाणाड्याच्या शब्दावर बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला खाली खडक लागेल की खारं पाणी, हे मशीन उतरल्यावरच समजतं. ओपीजीच्या भरवशावर काम करणाऱ्या डॉक्टरची तीच स्थिती होती. तरीही कसलेल्या हातांनी तेव्हा असंख्य स्क्रू उत्तम बसवले, हे मी आदरानं नोंदवतो. त्यांना जबड्याचा अंदाज बोटांतून यायचा. पण अंदाज दुसऱ्याला दाखवता येत नाही आणि तपासताही येत नाही.

इथे दोन शोध कामाला आले. पहिला सीटी स्कॅन. १९७१ साली इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला, आणि १९७९ मध्ये त्यांना कॉर्मॅक यांच्यासह नोबेल मिळालं. ते यंत्र मोठं, किरणोत्सर्गही जास्त. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या वेरोनात आणि त्याच सुमारास जपानात जबड्यासाठी वेगळं यंत्र तयार झालं, तेच आजचं सीबीसीटी. शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत डोक्याभोवती एकदा फिरतो आणि हाडाचं तिन्ही बाजूंनी मोजता येणारं चित्र मिळतं. मिलिमीटरच्या एक ते चार दशांश एवढ्या बारीक घनांत जबडा विभागला जातो. नस कुठून जाते, खोबण किती खोल आहे, हे आता दिसतं. एक सावधगिरी मात्र हवी. या यंत्राच्या करड्या छटांवरून हाड किती टणक आहे याचा पक्का निष्कर्ष काढू नये, तो आकडा भरवशाचा नसतो. आणि ‘असू द्या एक’ म्हणून हा स्कॅन काढायचा नसतो. किरणांची मात्रा मोठ्या सीटीपेक्षा सहसा कमी असली तरी ती मात्रा आहेच.

दुसरा शोध तोंडातल्या स्कॅनरचा. १९८५ साली झुरिकमध्ये मोरमान आणि ब्रांडेस्टिनी यांनी कॅमेऱ्यानं दाताचं माप घेऊन त्याच बैठकीत भरण तयार करून दाखवलं. सीबीसीटीत हाड दिसतं पण हिरडी नीट दिसत नाही, आणि जुन्या धातूच्या कॅपमुळे दातांवर पांढऱ्या रेघा पसरतात. तोंडातला स्कॅनर दात आणि हिरडी स्वच्छ टिपतो. हा स्कॅनर गावात नसेल तर अडून राहायचं कारण नाही. नेहमीसारखं माप घ्यावं, प्लास्टरचा साचा ओतावा, तो लॅबमध्ये स्कॅन करावा. काम होतं.

ही दोन चित्रं संगणकावर एकमेकांवर बसवली की नियोजन सुरू होतं, आणि इथेच या रीतीचा गाभा आहे. हाड कुठे भरपूर आहे ते बघून स्क्रू टाकायचा आणि मग त्यावर जमेल तसा दात चढवायचा, हा जुना क्रम. आता आधी दात ठरतो. मावशींची वरची दाढ कुठे टेकते, घास कुठे चिरडला जातो, ब्रश कुठून फिरेल, हे बघून पडद्यावर दाढ उभी करायची आणि तिच्या बरोबर खाली स्क्रू आणायचा. मग हाडाला विचारायचं, इथे जमेल का? शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर अंतर आहे का? नसेच्या वर दोन मिलिमीटर मोकळे राहतात का? वरची दाढ इतकी उतरली आहे का, की कॅपला उंचीच उरत नाही? हाड ‘नाही’ म्हणालं तर बारीक किंवा आखूड स्क्रू, हाड वाढवण्याची शस्त्रक्रिया, नाहीतर सरळ ब्रिज. पडद्यावर घेतलेला ‘इथे स्क्रू नको’ हा निर्णय मला यशस्वी स्क्रूइतकाच चांगला वाटतो. जागा चुकलेल्या स्क्रूवर दात बसतो खरा, पण त्याखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, हिरडी सुजते आणि काही वर्षांत हाड खचतं.

निर्णय झाला की तो तोंडापर्यंत न्यायचा. त्यासाठी दातांवर घट्ट बसणारी रेझिनची पट्टी थ्रीडी प्रिंटरवर छापतात. तिला सर्जिकल गाइड म्हणतात. ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात तिच्यात धातूची नळी असते. ड्रिल त्या नळीतूनच जातं आणि ठरलेल्या खोलीवर अडतं. शेजारी दात असतील तर पट्टी पक्की बसते. दातच नसतील आणि ती नुसत्या हिरडीवर टेकवायची असेल, तर हिरडी दबते, पट्टी हलते आणि अचूकता घटते. याखेरीज कॅमेऱ्यांनी ड्रिलचा माग काढून पडद्यावर दिशा दाखवणारी यंत्रं आहेत. २०१७ साली चीनमधल्या शिआनमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली यंत्रमानवानंच स्क्रू बसवले. त्यावर आज जास्त वेळ घालवत नाही. आपल्या तालुक्याचा प्रश्न छापलेल्या पट्टीनं सुटण्यासारखा आहे.

पट्टी किती अचूक? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर ठरवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी फरक वरच्या तोंडाशी १.२ मिलिमीटर, टोकाशी १.४ मिलिमीटर आणि कोनात ३.५ अंश निघाला. ही सरासरी आहे, म्हणजे काही रुग्णांत फरक याहून जास्त होता. स्कॅनच्या वेळी रुग्ण जरासा हलला, दोन चित्रं जुळवताना केसभर फरक पडला, रेझिन छापल्यावर थोडं आकसलं, पट्टी एका बाजूनं पूर्ण टेकलीच नाही, ड्रिल नळीत किंचित सैल होतं. या बारीक चुका एकमेकींत मिसळतात. म्हणून नसेपासूनचे ते दोन मिलिमीटर सोडायचेच. म्हणून पट्टीला खिडक्या ठेवतात, त्यांतून ती दातावर टेकली की नाही हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच ड्रिल हातात घ्यायचं.

उष्णतेचं फारसं बोललं जात नाही. १९८३ साली एरिक्सन आणि अल्ब्रेक्ट्सन यांनी दाखवलं की हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट तापलं तरी त्याला इजा होते. ड्रिल करताना वरून पाण्याची धार सोडतात ती यासाठी. पण पट्टी मध्ये आली की धार हाडापर्यंत नीट पोचत नाही, आणि खालच्या जबड्याचं हाड टणक. तिथे घाई करणाऱ्या हाताला पट्टी वाचवू शकत नाही. नवं ड्रिल, थोडं थोडं खाली-वर, थंड पाणी, मध्ये थांबणं, हे जुनंच शिक्षण तिथे उपयोगी पडतं. पट्टी डॉक्टरचा निर्णय जसाच्या तसा हाडापर्यंत नेते, आणि निर्णय चुकीचा असेल तर तोही तितक्याच नेमकेपणानं नेते. हल्ली नियोजन अनेकदा दूरच्या शहरातला तंत्रज्ञ करून पाठवतो आणि इकडून ‘ओके’ जातं. तंत्रज्ञानं आखणी करावी, त्याला माझी हरकत नाही. पण प्रत्येक छेद स्वतः फिरवून बघितल्याशिवाय डॉक्टरनं होकार देऊ नये. रुग्णाचा ओठ बधिर झाला तर तो त्या तंत्रज्ञाकडे जाणार नाही.

आता खर्ऱ्याकडे येतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला खर्रा आपल्या विदर्भात शाळकरी पोरांच्याही खिशात सापडतो. याचा इम्प्लांटशी संबंध काय? तोंड उघडण्याशी आहे. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा पांढरी आणि ताठ होते, तिथे तंतू साचतात आणि तोंड आक्रसत जातं. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीच, तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा, कर्करोगकारक ठरवली. आपल्या राज्यानं २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, खर्रा मात्र घोटला जातोच आहे. ज्याच्या तोंडात एकच बोट मावतं, त्याच्या मागच्या दाढेसाठी पट्टी आत जातच नाही. गाइडमधून वापरायचं ड्रिल नेहमीच्या ड्रिलपेक्षा लांब असतं, ते उभं धरायला जागा नसते. पडद्यावर सगळं बरोबर दिसतं आणि खुर्चीवर काहीच करता येत नाही. म्हणून आमच्या भागात नियोजनाची पहिली पायरी स्कॅन नसावी. रुग्णाला तोंड उघडायला सांगावं, बोटं घालायला लावावीत, मोजपट्टीनं मोजून लिहून ठेवावं, आणि गालाच्या आतला प्रत्येक पांढरा-लाल चट्टा बारकाईनं बघावा. कितीतरी वेळा त्या खुर्चीवर दाताहून मोठं काही सापडतं आणि वेळेत सापडल्यानं माणूस वाचतो. आणि रक्तातली साखर ताब्यात नसेल, तर इम्प्लांटआधी तीही ताब्यात आणायची.

या रीतीची सगळ्यांत कठीण कसोटी आपण २०२१ मध्ये पाहिली. कोविडची दुसरी लाट ओसरताना म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला. जूनअखेर देशात ४० हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली होती आणि महाराष्ट्र त्यात आघाडीवर होता. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांमुळे बुरशी नाकाशेजारच्या पोकळ्यांत शिरली, तिथून वरच्या जबड्यात. जीव वाचवायला वरचा जबडा काढावा लागला. आजार बरा झाला, माणूस घरी आला, आणि टाळूच्या जागी भोक. पाणी प्यायलं की नाकातून यायचं, बोललेलं कुणाला कळायचं नाही. पस्तिशी-चाळिशीतली कर्ती माणसं घरच्यांसमोर जेवायला बसेनाशी झाली. भोक बुजवणारी ऑब्च्युरेटर प्लेट देतात, पण तिला धरायला दात नाहीत, जबडा नाही. अशा रुग्णांसाठी गालाच्या हाडाचा आधार घेतात. झायगोमॅटिक इम्प्लांट तीस ते पन्नास मिलिमीटरपर्यंत लांब असतं, आणि तोंडातून निघून डोळ्याच्या खोबणीच्या अगदी जवळून गालाच्या हाडात जाऊन रुततं. तिथे तीन-चार अंशांची चूक म्हणजे डोळ्याशी खेळ, कारण लांबीबरोबर कोनाची चूक टोकाशी वाढत जाते. इथे शस्त्रक्रियेआधी कवटीचा स्कॅन संगणकावर फिरवून बघणं, तिचा छापील नमुना हातात घेऊन आधी त्यावर सराव करणं, प्रसंगी त्या एकाच माणसाच्या मापाची टायटॅनियमची चौकट बनवून घेणं, याला पर्याय नाही. एका दाढेसाठी कसलेला डॉक्टर पट्टीविना निभावून नेईल. जबडाच नसलेल्या माणसासाठी नियोजन हीच शस्त्रक्रिया. म्युकरमधून वाचलेल्या पण अजून नीट जेवू न शकणाऱ्या माणसांपर्यंत आपण पुन्हा पोचलं पाहिजे. जीव वाचला म्हणून उपचार संपला, असं मी मानत नाही.

हे सगळं अकोटला कसं पोचणार? २०२२ मध्ये अकोट-अकोला रेल्वे पुन्हा सुरू झाली, त्यामुळे अकोल्यापर्यंत जाणं सोपं झालं. अकोल्यात, अमरावतीत, वर्ध्याजवळच्या सावंगीत दंत महाविद्यालयं आहेत. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासूनचं. तरी पेरणीच्या नाहीतर वेचणीच्या दिवसांत नागपूरला पाच खेपा करणं मावशींना परवडत नाही. मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं. शिवाय एका पक्क्या दाताला काही क्विंटल कापसाचा पैसा लागतो. पण नीट बघा, या रीतीत रुग्णाला हलावं लागतं ते फार थोडं. स्कॅन एकदा, जिथे यंत्र असेल तिथे. माप अकोटातच. दोन्ही फाइल नेटवरून जातात. महाविद्यालयातले प्राध्यापक आणि शिकणारे विद्यार्थी आखणी करतील, गावातला डॉक्टर फोनवर त्यांच्याबरोबर बसून ती तपासेल, पट्टी छापून पार्सलनं येईल. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत अशी नियोजन केंद्रं उघडावीत, अल्प शुल्कात तालुक्याच्या डॉक्टरांना आखणी करून द्यावी, ही माझी मागणी आहे आणि ती मी प्रत्येक व्यासपीठावरून करणार आहे. नव्या पिढीच्या विद्यार्थ्यांना दर आठवड्याला खरे जबडे, खऱ्या अडचणी बघायला मिळतील, आणि गावातल्या डॉक्टरला एकट्यानं जोखीम घ्यावी लागणार नाही. अवघड रुग्णानं मात्र नागपूरलाच जावं. कोण अवघड, हे आखणीतच कळतं.

रुग्ण म्हणून तुम्ही काय करायचं, ते सांगून थांबतो. आपल्या दाताची आखणी पडद्यावर दाखवा, असं डॉक्टरला सांगा. नस कुठे आहे, स्क्रू तिच्यापासून किती दूर राहणार, हाड कमी पडलं तर दुसरा मार्ग कोणता, हे विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. स्क्रू बसल्यावर लगेच दात मिळाला नाही म्हणून नाराज होऊ नका. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात कधी सहा, हाडाला त्याच्याशी जुळायला वेळ लागतो. आणि काम पुरं झाल्यावर एक कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनीचं नाव, स्क्रूचा व्यास, लांबी, बॅच नंबर आणि तारीख असावी. स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर घ्या. दहा-पंधरा वर्षांनी कॅपचा स्क्रू सैल होईल, तेव्हा तो डॉक्टर गावात असेलच असं नाही. प्रत्येक कंपनीची किल्ली वेगळी असते, आणि आत नेमकं काय बसवलं आहे हे कळल्याशिवाय नव्या डॉक्टरला ते उघडताही येत नाही. ज्यांचं काम आधीच झालं आहे, त्यांनी आपल्या दवाखान्यातून ते कार्ड याच महिन्यात मागून घ्यावं. आता तुमचे प्रश्न घेऊ या.